एकतीस हात

माझी आई वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरात वाचणारे दोघंच, मी आणि बाबा. आई फार तर दिनदर्शिकेच्या मागची पाककृती वाचायची, तीही अर्धीच, पुढचं सगळं मनानं. मी ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा ती म्हणाली होती, "पुस्तकं पुसायला पदवी लागते व्हय?" त्याचा मला भयंकर राग आला होता. पुढे पदवी झाली, सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आणि पहिले पंधरा दिवस मी खरोखरच पुस्तकं पुसत होते. आईला अर्थातच हे सांगितलं नाही.

मिरजेच्या लोकमित्र वाचनालयाचा ग्रंथजतन आणि बांधणी विभाग तळमजल्यावर, सायकल स्टँडच्या मागच्या बाजूला होता. दोन खोल्या. पहिलीत आण्णा, म्हणजे दत्तोबा जिनगर. एकाहत्तर वर्षांचे, पैकी पन्नास पुस्तकं बांधण्यात गेलेली. त्यांच्याकडे लाकडी दाब, दाभण, मेण लावलेला दोरा आणि शेगडीवर शिजणारी खळ. दुसऱ्या खोलीत एसीच्या गारव्यात डॉ. नसीमा मुजावर आणि त्यांचं यंत्र. यंत्राचं कागदोपत्री नाव 'स्पर्शलेखक' होतं. आण्णा त्याला चहाडखोर म्हणायचे, तेही नसीमा मॅडमना ऐकू जाईल अशा बेतानं.

यंत्राचं काम समजायला सोपं आहे. आपण पान उलटतो तेव्हा बोटाचं थोडं तेल, कातडीचे सूक्ष्म कण आणि त्यांच्यातली जनुकं कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. ती वर्षानुवर्षं तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत. आम्ही पानाच्या कोपऱ्यावर एक ओलसर, पारदर्शक पापुद्रा दहा मिनिटं ठेवायचो. त्यात पेरलेले बारीक दाणे हे कण ओढून घेतात आणि कागदाला त्याचा पत्ताही लागत नाही. मग यंत्र ते कण वाचतं आणि सांगतं की या पानाला किती वेगवेगळ्या माणसांचे हात लागले. केव्हा लागले तेही सांगतं, कारण बोटाचं तेल डब्यातल्या दाण्याच्या कुटासारखं हळूहळू खवट होत जातं आणि किती खवट झालं यावरून वर्ष काढता येतं. एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, एवढंच.

यंत्र नाव सांगत नव्हतं. ते फक्त 'हात क्रमांक सात', 'हात क्रमांक बारा' असं म्हणायचं. पण कुणी आपल्या गालाच्या आतला नमुना आपखुशीनं दिला, तर त्याचा हात कुठल्या पुस्तकांत आहे ते मात्र शोधून द्यायचं. आणि इथंच लोक वेडे झाले होते. पुण्यात, नागपुरात रांगा लागत होत्या. नातवंडं येऊन आजोबांनी कॉलेजात काय वाचलं ते बघत होती आणि डोळे पुसत घरी जात होती. आमच्याकडे तसा पहिला 'हस्तमेळा' मार्चमधल्या एका रविवारी ठरला होता. शनिवारपर्यंत जेवढ्या पुस्तकांच्या नोंदी पक्क्या होतील, तेवढी त्यात येणार होती.

आता एक अडचण. पुस्तकं आम्हीही हाताळत होतो, म्हणजे आमचेही कण त्यात मिसळणार. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक कर्मचाऱ्याचा नमुना यंत्रात भरलेला असायचा आणि यंत्र प्रत्येक निकालातून आम्हाला वजा करायचं. मी कर्मचारी क्रमांक चार.

आण्णांना हा सगळा प्रकार मनापासून आवडत नव्हता. त्यांचा स्वतःचा एक नियम होता. बांधायला आलेल्या पुस्तकात चिठ्ठी, फोटो, तिकीट, काहीही सापडलं तरी ते न वाचता पत्र्याच्या डब्यात टाकायचं. वर्षभरात कुणी मागायला आलं तर द्यायचं. नाही आलं तर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की सगळं खळीत भिजवून, कुटून त्याचा पुठ्ठा करायचा.

"एकदाही वाचलं नाही?" मी विचारलं होतं.

"कशाला? मी बांधणारा हाय. लोकांनी काय वाचलं, कुठं थांबले, त्याच्याशी मला काय करायचंय?"

मला ते तेव्हा जुनाट वाटलं. कुतूहल नसलेला माणूस पुस्तकांत पन्नास वर्षं काढतो म्हणजे कमालच, असं मी मनात म्हटलं होतं.

हस्तमेळ्याच्या आधीच्या बुधवारी माझ्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याचं एक जाडसर पुस्तक आलं. लग्न, घटस्फोट, पोटगी वगैरे कायद्यांची सोप्या भाषेतली माहिती. तीस वर्षांपूर्वीची छपाई, स्वस्त कागद, पानं चहासारखी झालेली. असा कागद स्वतःच्याच आम्लानं मरतो. त्याचे टाके सोडवून, पानं सुटी करून चुन्याच्या निवळीत धुवायची आणि पुन्हा शिवायची, हा उपाय. धुण्यात बोटांचं सगळं निघून जातं, म्हणून पापुद्रा आधी घ्यायचा आणि धुणं नंतर, असा विभागाचा नियम होता.

पहिल्या चाचणीसाठी सर्वांत जास्त हाताळलेलं पान निवडायचं असतं, बाकीची पानं नंतर. ते शोधायची युक्ती आण्णांनीच शिकवली होती. पुस्तक पाठीवर उभं धरायचं आणि सोडून द्यायचं. लोकांनी जिथं पुन्हा पुन्हा उघडलंय तिथं शिवण सैल झालेली असते, तिथंच ते उघडतं. निळं पुस्तक पान दोनशे बारावर उघडलं. मुलांचा ताबा. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं, त्यानंतर न्यायालय मुलाचं हित पाहतं, असा मजकूर होता.

अर्ध्या तासानं निकाल आला. एकतीस हात. त्यांतले बरेचसे एकदाच लागलेले, पुसट. असे हात यंत्राला मोजता येतात, पण त्यांचं नातंगोतं कळत नाही. पूर्ण नमुना हाताशी असेल तरच ते जुळवता येतात. एक हात मात्र दाट होता, थरावर थर. त्याच्यापुढे तांबडी खूण होती: 'वजाबाकी अपूर्ण. कर्मचारी चारशी निम्मा मेळ.'

मला वाटलं, मीच हातमोजा घालायला विसरले. पुन्हा चाचणी घेतली. तोच निकाल. मग नीट वाचलं. आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया नावाचे बारके कण असतात, त्यांचा वारसा फक्त आईकडून येतो. या हाताचा तो वारसा माझ्याशी पूर्ण जुळत होता आणि बाकीचं निम्मं. मला भाऊ नाही, बहीण नाही. म्हणजे उत्तर एकच उरत होतं.

खाली वर्षं होती. पहिला थर चोवीस वर्षांपूर्वीचा, माझ्या जन्माच्या आधीचा. शेवटचा आठ वर्षांपूर्वीचा, मी दहावीत असतानाचा. सोळा वर्षं माझी आई त्या एका पानाकडे येत राहिली होती.

मी ती नोंद कच्चीच ठेवली आणि घरी गेले. बाबा दारातच भेटले. दूध संघात नोकरी, वागायला मऊ, माझ्या प्रत्येक परीक्षेला फाटकाबाहेर थांबलेला माणूस. माझं त्यांच्यावर आईपेक्षा जास्त प्रेम होतं आणि ते मी कधी लपवलंही नव्हतं.

"शरयू, रविवारचं नाव नोंदवलं बघ," ते म्हणाले. "माझं, तुझं आणि तुझ्या आईचं. तिघांचं."

"आईचं कशाला?"

"असू दे की. लग्नानंतर ती जायची लायब्ररीत, मला माहिताय. आणि काय गं, एकदाच हात लावला असला तरी कळतंय का त्या मशीनला?"

"तुमचा नमुना असेल तर कळतं," मी म्हणाले. ते मान हलवत आत गेले.

त्या जेवणात मी दोघांकडे चोरून बघत होते. बाबा आईला भाकरी वाढत होते. आईनं त्यांच्या ताटात न विचारता लोणचं ठेवलं. मी तेवीस वर्षं हेच बघत आले होते, आणि आता त्यातलं काय खरं ते मला कळेना. रविवारी तीनशे माणसांसमोर पडद्यावर आईच्या नावापुढे ते पुस्तक येणार होतं, पानासकट आणि वर्षांसकट, आणि बाबा शेजारी उभे असणार होते.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी समोर बसले, दोन पाकळ्या सोलल्या आणि सरळ सांगितलं. यंत्र, निळं पुस्तक, पान, सोळा वर्षं. फिरवून बोलायला मला येत नाही.

आईचे हात थांबले. हातातली पाकळी तिनं वाटीत टाकली. मग म्हणाली, "तू माझं वाचलेलं वाचलंस."

"मुद्दाम नाही गं."

"मुद्दाम नसेल. पण वाचलंस." तिचा आवाज चढला नाही, आणि त्यानंच मला जास्त लागलं. "फोन तुझे बाबा बघायचे तेव्हा. काय शोधलं, कुणाला फोन केला, सगळं. फोनमधलं राहतं. पुस्तकातलं राहत नाही, म्हणून तिथं जायचे मी. भाजी आणायला म्हणून निघायचं, वीस मिनिटं बसायचं, वाचायचं, यायचं."

"का?"

"हात उचलायचे ते. लग्न झाल्या वर्षापासून. तुझ्या वेळेला दिवस गेले होते तेव्हासुद्धा." तिनं लसणाची सालं एका बाजूला गोळा केली. "तू पाच वर्षांची व्हायच्या आत निघायचं, असं ठरवलं होतं. तोवर पोर आईचं, असं लिहिलंय त्यात. सोलापूरच्या मावशीशी बोलणंही झालं होतं. आणि तू साडेचारची असताना ते थांबले. एकदम. त्या दिवसापासून आजतागायत बोट लावलं नाही. का थांबले ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

"मग तू नंतरही का जात राहिलीस?"

"भरवसा नव्हता. एकदा थांबलेला माणूस पुन्हा सुरू होत नाही कशावरून? पान तिथं आहे ना, एवढं बघून यायचे. मग तू दहावी झालीस, तुझी तू कळती झालीस, आणि माझी वाचनालयाची पायरी सुटली."

मला रडू आलं. मी तिच्यासाठी रडत होते की माझ्या बाबांसाठी, हे आजही मला सांगता येणार नाही. माझ्या आठवणीतला माणूस खोटा नव्हता, पण अपुरा होता. आईनं मला थोपटलं नाही. तिनं पाणी दिलं.

मग तिनं विचारलं, "त्या पानावर माझा एकटीचाच हात निघाला?"

"नाही. एकतीस हात आहेत."

"एकतीस?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी चुकीचं मोजलंय. "मला वाटायचं, अख्ख्या मिरजेत ते पान वाचणारी मी एकटीच. कुणी मागून येतंय का बघत वाचायचे. तिथं समोरच्या खुर्चीत बायका असायच्या, मासिकं चाळत. त्यांतल्याच असतील काही." तिनं स्वतःशीच हसल्यासारखं केलं.

"आई, मी ते पान मेळ्यातून काढू शकते. पुस्तक आधी धुतलं तर काहीच राहणार नाही. नियमाच्या बाहेरचं आहे, पण करेन. तू सांग."

"माझ्यापुरतं म्हणशील तर राहू दे, नाहीतर नको राहू दे, मला आता फरक पडत नाही. बाबांना कळलं तर कळलं. पण मला तू येऊन विचारलंस. त्या बाकीच्या तिसांना कोण विचारणार? त्यांचे नवरे असतील, सुना असतील. उद्या कुणाची तरी लेक नमुना देईल आणि चारचौघांत पडद्यावर बघेल." तिनं पुन्हा लसूण हातात घेतला. "धू."

शुक्रवारी दुपारी मी निळं पुस्तक घेऊन आण्णांच्या खोलीत गेले. त्यांनी शिवण सोडवली, पानं सुटी केली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पापुद्रे काढलेस सगळ्या पानांचे?"

"नाही."

"मॅडमला ठाऊक हाय?"

"अजून नाही. धुऊन झाल्यावर सांगणार आहे."

निवळीचं भांडं आण्णांनी माझ्यापुढे सरकवलं आणि जाळीवर पानं कशी पसरायची ते दाखवलं, जणू मला ते माहीतच नव्हतं. पाणी हळूहळू पिवळं होत गेलं. पान दोनशे बारा मी शेवटी बुडवलं.

मग यंत्रावर जाऊन ती कच्ची नोंद पुसली आणि नसीमा मॅडमसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं, आईचं नाव तेवढं सोडून. पण कर्मचारी चारची तांबडी खूण त्यांनी आधीच पाहिली असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी ओरडा खायच्या तयारीनं गेले होते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "शरयू, या गावात एकतीस जणी त्या पानापर्यंत आल्या होत्या. सरकारी कागदात त्यांतल्या किती असतील? तीन? चार? बाकीच्यांचा एवढा एकच पुरावा होता. तो तू धुतलास."

"त्यांनी तो पुरावा म्हणून ठेवला नव्हता, मॅडम. तिथं काही राहत नाही म्हणूनच त्या तिथं येत होत्या."

"असेल. पण पुढं कुणी म्हणालं की इथं असलं काही नव्हतंच, तर मी काय दाखवू?"

त्या चूक होत्या असं मला वाटत नाही. त्यांनी माझी इंटर्नशिप तिथंच थांबवली, प्रमाणपत्र मिळणार नाही असं सांगितलं, आणि रविवारच्या मेळ्याला मात्र ये म्हणाल्या, कारण माणसं कमी होती.

रविवारी वाचनालयाच्या आवारात मांडव घातला होता. लोक नटून आले होते. पडद्यावर नावं येत होती, टाळ्या पडत होत्या. एका काकांच्या नावापुढे सोळा रहस्यकथा आणि एक योगासनांचं पुस्तक आलं, तेही पहिल्या तीन पानांपुरतं, तेव्हा त्यांच्या बायकोला हसू आवरेना.

आमचा क्रमांक बाराव्या मिनिटाला आला. आईच्या नावापुढे दोन मासिकं आणि विणकामाचं एक पुस्तक. बाबांच्या नावापुढे क्रिकेट, शिकारकथा, बॉयलर दुरुस्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई कागद घेऊन कडुलिंबाखालच्या बाकावर जाऊन बसली. मी यंत्राच्या खोलीच्या पायऱ्यांवर उभी होते. बाबा माझ्याकडे आले. हातातली यादी त्यांनी उलटी करून पाहिली, मागे काही छापलंय का म्हणून.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"ते निळं पुस्तक नाही आलं यात. कायद्याचं. महिला विभागात खालच्या फळीला असायचं."

"तुम्हाला कसं माहीत?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. "भाजीची पिशवी रिकामीच घेऊन यायची ती कधीकधी. एक दिवस मागं मागं आलो. समोरच्या टपरीवर थांबलो. ती गेल्यावर आत गेलो तर पुस्तक टेबलावर तसंच उघडं होतं. हातात घेऊन उभ्या उभ्या वाचलं. पाच वर्षांच्या आतलं लेकरू आईकडं जातं, असं लिहिलेलं. तू साडेचारची होतीस." त्यांनी यादीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "बाहेर येऊन टपरीवरच बसलो. त्या दिवसानंतर हात नाही उचलला. पण ते तिला कधी सांगता आलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? मागं मागं गेलो हे सांगायचं, का आधी मारत होतो ते बोलायचं? म्हटलं, मशीन सांगेल. माझा एकच हात आणि तिचे सगळे, एका पानावर दिसतील. तिचं तिला कळेल."

एकतीस. ते सगळे हात मी बायकांचेच धरले होते. आईनंही. नसीमा मॅडमनीही.

"बाबा, ते पुस्तक मी धुतलं."

"धुतलं म्हणजे?"

"त्याच्यावर आता कुणाचाच हात नाही. यंत्राला काही सापडणार नाही."

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मांडवात पुन्हा टाळ्या झाल्या. मला वाटलं ते चिडतील, आणि खरं सांगते, त्या चार दिवसांत पहिल्यांदाच मला माझ्या बाबांची भीती वाटली. पण ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे आता मलाच बोलावं लागणार," ते म्हणाले.

"हो."

ते कडुलिंबाकडे चालत गेले. आईनं बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली, त्यांना जागा केली. ते बसले. दोघंही मांडवाकडे बघत होते. मग बाबांचे ओठ हलायला लागले आणि आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

पायऱ्यांवरून ऐकू येण्याइतकं ते अंतर होतं. मला ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.